जुनी गाडी घेताय? आधी वही काढा!

संसाराला दोन चाकं असतात, हे आपण लग्नाच्या मांडवापासून ऐकत आलो. आमच्या संसाराला गेल्या वर्षी दिवाळीनंतर आणखी चार चाकं लागली! नवी कोरी नव्हेत हं, जुनीच. पण अंगणात उभ्या राहिलेल्या त्या पांढऱ्या गाडीपुढे सासूबाईंनी नारळ फोडला, तेव्हा मला जो आनंद झाला तो नव्या गाडीनंही झाला नसता. कारण ती गाडी आम्ही वही-पेन्सिल घेऊन, सहा गाड्या नाकारून घेतली होती.

माझ्या लहानपणी अख्ख्या आळीत एकच फियाट होती आणि ती डॉक्टरांची! १९८३ साली मारुती ८०० आली, तेव्हापासून मध्यमवर्गीय घरात गाडीचं बोलणं सुरू झालं. आता गाडी ही चैन राहिलेली नाही, पुष्कळ घरांत ती गरज आहे. पण नव्या गाडीचा हप्ता म्हटला की पोटात गोळा येतो. मग डोळे वळतात जुन्या बाजाराकडे. तिथं फसलेल्यांच्या कहाण्याही काही कमी नाहीत. त्यातली एक तर आमच्याच घरची आहे.

सोयीसाठी आधी माझी गरज सांगते. मी सांगलीत राहते. शाळा तासगावच्या बाजूला, घरापासून बावीस किलोमीटर. इतकी वर्षं एस.टी. आणि स्कूटी असं चाललं होतं. पण गेल्या पावसाळ्यात स्कूटी घसरली, हाताला प्लॅस्टर बसलं. त्यातच सासूबाईंच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं. त्यांना मिरजेला दवाखान्यात न्यायचं म्हणजे रिक्षात बसवतानाच त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी एका रात्री मी ह्यांना म्हटलं, "अहो, आर.डी. आणि भिशी मिळून तीन लाख होतायत. कर्ज न काढता बसेल अशी गाडी बघू या."

हे म्हणाले, "बघू या. पण व्यवहार तू करायचास. घरखर्चाचा हिशेब तुझ्याकडे आहे, तसाच गाडीचाही."

आधी किलोमीटर, मग गाडी

आपण साडी घेताना रंग बघतो, पोत बघतो, धुतल्यावर काय होईल तेही विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न असतो, "केवढ्याला दिली?" इथंच चुकतं. गाडी एकदाच विकत घ्यायची असते, पेट्रोल मात्र दर आठवड्याला. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं ते हे, की महिन्याला आपल्याला किती किलोमीटर जायचंय?

माझे येण्याजाण्याचे चव्वेचाळीस किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ११०० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. आता बघा:

लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी असेल, तर महिन्याचं पेट्रोल ९,६२५ रुपयांचं.

लिटरला १५ देणारी असेल, तर ७,७०० रुपये.

लिटरला १८ देणारी असेल, तर साधारण ६,४०० रुपये.

पहिल्या आणि तिसऱ्या गाडीत महिन्याला ३,२०० रुपयांचा फरक! वर्षाचे झाले अडतीस हजारांवर. म्हणजे बारा देणारी मोठी गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर ती स्वस्ताई एका वर्षात पेट्रोलपंपावर संपते. पुढं दरवर्षी ती खातच राहणार.

आणि हो, खरं तेच सांगावं. मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.चं अर्धं तिकीट आहे. नुसत्या पैशांत एस.टी.ला हरवणारी गाडी कुणीच बनवलेली नाही. तुमची बस वेळेवर असेल, थांबा जवळ असेल, तर गाडीच्या नादी लागू नका. माझी सकाळची बस चुकली की पुढची शाळा भरल्यावर पोचायची, म्हणून मला हा खटाटोप करावा लागला.

पेट्रोल, डिझेल की गॅस?

आमच्या भावजींचं मत डिझेलचं. "वहिनी, डिझेलला अ‍ॅव्हरेज चांगलं!" गोष्ट खरी आहे. पण डिझेल गाडीची दुरुस्ती महाग असते. एप्रिल २०२० पासून जी बी.एस. ६ ची डिझेल वाहनं आली, त्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी एक गाळणी असते. गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावली, तरच ती काजळी जळून जाते. रोज बाजार, शाळा, दवाखाना अशा तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासात गाळणी तुंबते आणि गॅरेजवाल्याची दिवाळी होते. रोज लांबचा पल्ला असेल त्यांनीच डिझेलचा विचार करावा.

गॅसची, म्हणजे सी.एन.जी.ची गोष्ट वेगळी. गॅस किलोला ९० रुपये धरला आणि गाडीनं किलोला २८ किलोमीटर दिले, तर किलोमीटरला सव्वातीन रुपयांच्या आत खर्च येतो. पेट्रोलवर १८ देणाऱ्या गाडीला तो पावणेसहाच्या वर जातो. माझ्या ११०० किलोमीटरांत महिन्याला २,८०० रुपयांहून जास्त वाचले असते. पण तशी गाडी लाखभर रुपयांनी महाग मिळत होती. हा लाख वसूल व्हायला तीन वर्षं लागणार. जिचं जाणं महिन्याला पाचशेच किलोमीटर आहे, तिला तर सहा वर्षांच्या वर! शिवाय टाकीमुळे डिकी भरते आणि पंपावर रांग असते ती वेगळीच.

तरीही गॅसचीच घ्यायची असेल तर दोन गोष्टी विसरू नका. गॅसची नोंद आर.सी. बुकात हवी आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. तिचा दाखला मागून घ्या. बाहेरून बसवलेल्या किटची नोंदच नसेल, तर विम्याच्या वेळी हात वर होतात.

आम्ही पेट्रोलवर ठाम राहिलो. हलकी, छोटी, जिचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि जिला कुठलाही मिस्त्री हात लावू शकतो अशी गाडी. अल्टो, वॅगन-आर, सेलेरिओ, टियागो, सँट्रो ही नावं वहीत लिहिली.

साल निवडताना मी एक तारीख डोळ्यांपुढे ठेवली. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. गाडी मागे घेताना टीं टीं वाजणारा सेन्सरही तेव्हापासूनच. अचानक ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी ए.बी.एस. ची सोय एप्रिल २०१९ पासून. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण गाडी त्यानंतरचीच घ्यायची हे नक्की केलं. पाठीमागं पोरं बसणार असतात, बाई!

अ‍ॅव्हरेजचे आकडे कंपनीच्या कागदावर फार गोंडस असतात. २०१९ च्या अल्टोला कागदावर २२.०५ आहे. ती चाचणी ठरावीक पद्धतीनं प्रयोगशाळेत होते. तिथं खड्डे नसतात, उसाच्या ट्रॉल्या नसतात आणि मागच्या सीटवर चार माणसंही नसतात. कागदावरच्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करावा आणि मग हिशेब मांडावा. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यानंही जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. इंधन वाहणाऱ्या रबरी नळ्या जुन्या झाल्या असतील तर बदलून घ्याव्यात.

नणंदेच्या पाटल्या

आता ती घरची कहाणी सांगते. माझी धाकटी नणंद कोल्हापूरजवळ असते. २०२० साली तिनं आपल्या लग्नातल्या पाटल्या मोडून गाडी घेतली, दोन लाख दहा हजारांना. दुकानदार गोड बोलणारा, गाडी आरशासारखी चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट! तिसऱ्या महिन्यात काचा खाली-वर होईनात. मग दिवे आपोआप लागायला लागले. मग एक दिवस भर रस्त्यात गाडी बंद. मिस्त्रीनं सीट काढून गालिचा उचलला, तर खाली वाळलेला गाळ! ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती गाडी बुडालेली होती.

साठ हजार दुरुस्तीत घातले तरी गाडी सुधारली नाही. वर्षभर ताडपत्रीखाली उभी राहिली आणि शेवटी सत्तर हजारांना गेली. पैसे गेले, पाटल्या गेल्या. पण तिला त्याहून एक गोष्ट जास्त लागली. घरात कुठलाही व्यवहार निघाला की तिला ऐकावं लागायचं, "तू गप्प बस, तुला काय कळतंय?"

मी गाडी बघायला निघाले तेव्हा तिला फोन केला, "चल माझ्याबरोबर." ती म्हणाली, "मला कशाला नेता वहिनी? मी फसलेली बाई." मी म्हटलं, "म्हणूनच!"

गाडी गार असताना बघा

आमच्याबरोबर आमचे नेहमीचे मिस्त्री होते. पाचशे रुपये आणि चहा एवढ्या मोलावर ते आले. मैत्रिणींनो, हे पाचशे रुपये वाचवू नका. त्यांनी पहिलाच धडा दिला, "बाई, गाडी गार असताना बघायची. तापल्यावर सगळ्याच गाड्या गोड बोलतात." जायच्या आधी मालकाला सांगून ठेवायचं, की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर समजा, काहीतरी लपवायचंय.

गार गाडी पहिल्या फटक्यात सुरू व्हायला हवी. मागच्या नळीतून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय. काळा आला तर पेट्रोल जास्त जळतंय, अ‍ॅव्हरेजची आशा सोडा. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येतो, पण इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर इंजिनात पाणी शिरतंय. इंजिन गार असतानाच ऑइलचं झाकण काढून आतून बघा. ताकावर यावा तसा पांढरट फेस दिसला, तर ऑइल आणि पाणी एकत्र झालंय. तिथून नमस्कार करून निघा.

मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायर कुठल्या सालचे ते वहीत लिहा. टायर एकाच कडेनं जास्त झिजला असेल, तर चाकांची जुळणी बिघडली आहे किंवा गाडी कुठंतरी ठोकलेली आहे. काचांवरही सालाची खूण असते. सगळ्या एका सालच्या आणि एकच वेगळी असेल, तर ती का बदलली ते विचारा.

किलोमीटरच्या काट्यावर विश्वास टाकू नका, तो मागं फिरवता येतो. त्यापेक्षा पायाखाली बघा. ब्रेक आणि क्लचचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग घासून चमकतंय, चालकाची सीट खचलीय, आणि काटा म्हणतो पंचवीस हजार? छे! घरगुती गाडी वर्षाला दहा-बारा हजार चालते असं धरून अंदाज बांधा आणि सर्व्हिसच्या पावत्यांशी ताडून बघा.

चौथी गाडी फारच देखणी होती. माझा जीव तिच्यात अडकला होता, खोटं कशाला बोलू? दुकानदार विम्याचं सांगत होता, तेवढ्यात नणंदबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि सीटबेल्ट ओढायला लागल्या. ओढत ओढत पार शेवटापर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. बाहेरचा पट्टा धुतात, आत गुंडाळलेला कोण धुतो? मग तिनं स्टेपनीखाली बोट फिरवून आणलं. बोटाला चिकटलेला गाळ दाखवत शांतपणे म्हणाली, "वहिनी, चला."

तिथून बाहेर पडल्यावर रस्त्यात मी तिचा हात धरला. दोन लाखांची राखण तिनं केली होती. पुराची गाडी ओळखायची तर हेच करायचं. बेल्ट पूर्ण ओढा, गालिच्याखाली हात घाला, स्टेपनी उचला, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघा, दिव्यांच्या आत धुकं साचलंय का ते बघा. आणि गाडीत फार अत्तर असेल तर आधी नाक सावध करा.

कागद म्हणजे गाडीचं माहेर

मुलगी देताना-करताना घराणं बघतात, तसे गाडीचे कागद. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर घातला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पी.यू.सी. कधीपर्यंत आहे ते दिसतं. दंडाची ई-चलनं थकली आहेत का ते वेगळं बघा आणि ती विकणाऱ्यालाच भरायला लावा. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आर.टी.ओ.ची असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखलाही. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, विशेषतः दिल्लीकडची. तिथं २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश झाला आणि जुन्या गाड्या इकडे येऊ लागल्या. पण इथं आणल्यावर आपल्या राज्याचा कर भरावा लागतो. तो धरून किंमत मोजा.

गाडीचा विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. नाहीतर उद्या ठोकली तर नुकसानभरपाईला आपण कोण? आधीच्या मालकाची नो-क्लेमची सवलत गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, ती त्याचीच. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. आणि गाडी पंधरा वर्षांच्या घरात पोचलेली असेल, तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च समोर उभा आहे हे विसरू नका. फेरनोंदणीची फीच २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली.

घासाघीस करायला लाजू नका

कोथिंबिरीच्या जुडीला आपण घासाघीस करतो आणि लाखांच्या व्यवहारात मान हलवतो! जायच्या आधी त्याच गाडीची आजची नवी किंमत विचारून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. मग जुनीचा भाव जुन्याच हिशेबानं का द्यायचा?

सातवी गाडी एका निवृत्त गृहस्थांची होती. २०१९ अखेरची अल्टो, पहिलाच मालक, सेहेचाळीस हजार किलोमीटर, सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. मागितले दोन लाख सत्तर हजार. मी वही उघडली आणि वाचून दाखवलं: टायर चौदा हजार, बॅटरी चार हजार, सर्व्हिस साडेपाच हजार, विमा साडेआठ हजार, नावावर करण्याचा खर्च तीन हजार. गृहस्थ हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही गणित शिकवता का?" दोन लाख पस्तीस हजारांवर ठरलं. पाच हजार इसार दिला, त्याची पावती घेतली आणि बाकीची रक्कम बँकेतून. वरचा खर्च धरून बरोबर दोन लाख सत्तरमध्ये गाडी दारात आली. तीस हजार अजून शिल्लक आहेत, त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलंय. जुन्या गाडीला अशी आजारपणाची शिल्लक लागतेच.

वहीतलं शेवटचं पान

आता गाडी काय अ‍ॅव्हरेज देते ते कसं काढायचं? टाकी पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा, काट्यावरचे किलोमीटर लिहा. तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा तशीच भरा. मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर. दर महिन्याला हे लिहायचं. आकडा एकदम उतरला तर गाडी काहीतरी सांगतेय, डॉक्टर गाठा.

टायरची हवा पंधरा दिवसांनी बघायची, क्लचवर पाय ठेवून चालवायचं नाही, पन्नास-साठच्या वेगानं एकसारखं जायचं आणि डिकीत नको तो पसारा ठेवायचा नाही. एवढ्यावर माझी गाडी अठरा देते. शाळेतल्या दोघी माझ्याबरोबर येतात, पेट्रोल तिघींत वाटून घेतो. प्रत्येकीच्या वाट्याला महिन्याला एकवीसशे रुपये येतात.

सासूबाई आता मिरजेला जाताना पुढच्या सीटवर ऐटीत बसतात आणि मला सांगतात, "हळू गं, घाई नाही आपल्याला."

आणि नणंद? तिच्या चुलत दिरांनी परवा गाडी घ्यायची काढली. घरातली सगळी पुरुषमंडळी निघाली होती. जावईबापू दारातून मागं वळून तिला म्हणाले, "चल गं तूही. तुला कळतंय त्यातलं." तिनं मला रात्री फोन करून हे सांगितलं. पाटल्यांसाठी तिनं पुन्हा भिशी लावली आहे म्हणे. मी म्हटलं, "लाव. आणि वही जपून ठेव."